मैदानावरचा दम आणि रक्तातील विळा

रायपूर शाखेत बदली झाली आणि ब्राह्मणपाऱ्यात घर मिळाले. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणसाचे या मुलखाशी नाते असल्याने परकेपणा जाणवला नाही. आमच्या शेजारचा सोळा वर्षांचा मुलगा रग्बी खेळतो. एप्रिलमधील एका सरावात वेगाने धावण्याच्या फेऱ्या चालू असताना त्याच्या पायांतील बळच गेले. तो पूर्ण शुद्धीवर होता. म्हणून आळस समजून त्याला पुन्हा धावावयास लावले गेले आणि तो कोसळला. आदल्या दिवशी त्याला ताप होता. संघातील जागा जाईल या भीतीने तो त्याने लपविला होता. प्राणवायू व सलाइन मिळाल्यावर प्रकृती सावरली. रक्ततपासणीतून कळले, की तो सिकलसेलचा वाहक आहे.

विळ्यासारखी पेशी

सिकल म्हणजे विळा. निरोगी तांबडी पेशी गोल, लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडताच ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर नष्ट होते. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या आढळल्या. छत्तीसगड व विदर्भात आदिवासींसह इतर अनेक समाजांत हा दोष आहे. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आल्यास आजार होतो. एकाकडूनच आल्यास व्यक्ती वाहक ठरते. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणूनच त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते.

खेळ सोडावा काय?

रग्बीत धाव, झटापट आणि लगेच पुन्हा धाव असा क्रम असतो. स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो, अंग तापते, पाणी घटते. अशा वेळी क्वचित वाहकाच्याही पेशी वाकतात. स्नायू झिजून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडास अपाय करतात. अमेरिकेतील राईस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू डेल लॉईड २००६ मध्ये सरावानंतर असाच दगावला. त्यानंतर २०१० पासून तेथील अव्वल महाविद्यालयीन क्रीडाविभागात या तपासणीचा नियम आला. याची दुसरी बाजूही आहे. सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात वाहकांचा मृत्युदर अधिक आढळला नाही. श्रमाने स्नायू झिजण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट दिसला. तात्पर्य, वाहकाने खेळ सोडण्याचे कारण नाही. सावधपणे खेळण्याचे आहे. प्रत्यक्ष आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना मैदानात उतरू नये.

सराव हळूहळू वाढवावा. दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. पाणी वरचेवर प्यावे. रायपूरच्या उन्हाळ्यात सराव पहाटे उरकावा. ताप वा जुलाब असताना सराव पूर्ण बंद ठेवावा. पाय दुबळे वाटताच थांबावे. त्या क्षणी खेळाडूच्या शब्दावर प्रशिक्षकाने विश्वास ठेवावा.

नोंद असलेली बरी

सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. या आजारासाठी रायपुरात स्वतंत्र सिकलसेल संस्थाही आहे. तपासणीचा उपयोग पुढे विवाहाच्या वेळीही होतो. कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

वाचकहो, हिशेबात न दिसणारे देणेच शेवटी गोत्यात आणते, हे आम्हा बँकेतील मंडळींना रोज दिसते. नोंद झाली, की तरतूद करता येते. शेजारचा तो मुलगा डॉक्टरांच्या अनुमतीने पुन्हा खेळू लागला आहे. परवा अंगात कणकण होती, तेव्हा त्याने स्वतःच प्रशिक्षकांना तसे सांगितले आणि दिवसभर घरी विश्रांती घेतली. संघातील त्याची जागा कायम आहे.