काय गो, खंय गेल्लंस?

मैत्रिणींनो, मॉरिशस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली गाणी आणि हनिमूनची जोडपी येतात. माझ्यापुढे येते ती रविवारी फोनवर केसांना तेल लावत बसलेली माझी मैत्रीण! मालवण बघायला आली होती, तेव्हा आमच्या बचतगटाच्या टेबलाशी कोकमं घ्यायला थांबली. तिथून जी बोलायला लागली, ती आजतागायत थांबलेली नाही. तिचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. माझी भांडी घासून होतात तेव्हा तिचा भात अजून चुलीवर असतो.

तिचं मराठी शाळेतलं. तिथल्या सरकारी शाळांत मराठी शिकवतात, घरात मात्र क्रिओल. त्यामुळे ती विचारते, "आपण कशा आहात?" आणि मी "काय गो, खंय गेल्लंस?" म्हटलं की वहीत लिहून घेते. तिच्याकडून मी उचलला तो ‘कोरेक’. कसं चाललंय विचारलं की म्हणायचं, कोरेक! म्हणजे झकास. आता आमच्या गटातल्या बायकाही हप्ता भरला की कोरेक म्हणतात.

भांडणं बहुतेक खाण्यावरून. तिथं ऑक्टोपसचं कालवण आवडीनं करतात. मी म्हटलं, "शी! आठ पायांचं?" तर म्हणाली, "तुमच्या म्हाकलाला दहा असतात. मोजून बघा." दुसऱ्या दिवशी बाजारात मोजले. दहाच निघाले!

एकदा सहज विचारलं, "तुझं आडनाव काय गो?" तर तिनं खापरपणजोबांचं नावच सांगितलं. 1834पासून उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर नेले, त्यात आपल्या कोकणातलेही होते. उतरल्यावर नोंदीत जे नाव लागलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपलेल्या आहेत. हिनं आपली शोधून काढली. गाव वाचता येत नाही, जिल्हा रत्नागिरी. आणि तेव्हा मालवण, वेंगुर्लं सगळं रत्नागिरीतच. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली. शोधायचं कुठं?

आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न, "खंयचे?" तिला या एकाच प्रश्नाचं उत्तर येत नाही. बोलता बोलता गप्प झाली. मग म्हणाली, "गाव सापडेपर्यंत तुझं गाव सांगू का?"

मी म्हटलं, "सांग. पण वार्षिक जत्रेची वर्गणी भरावी लागेल." हसली. दुसऱ्या दिवशी खरोखरच विचारलंन, "किती असते?"

सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गणपतीक बोलव तिका." तिकडचे मराठी लोकही गणपती आणतात, त्यापुढे जाखडी नाचतात. ती त्याला झाकरी म्हणते. आमच्याकडे भजनं आणि फुगड्या. फुगडी येत नाही म्हणून तिनं आतापासून घरात गिरक्या घ्यायला सुरुवात केलीय.

अडचण एकच. तिथं गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी एका दिवसाची आणि आमचा गणपती पाच दिवसांचा. साहेबाला काय सांगून रजा काढते, ते येत्या रविवारी विचारते.