राख कुठे न्यायची?
(लेखमाला : देह, जीव, साधना – भाग ६)

कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती 1963 साली. त्याआधी शतकानुशतके दफन हाच नियम होता. परवानगी मिळाली तरी राखेचे काय करायचे हा प्रश्न उरलाच, आणि 2016 मध्ये व्हॅटिकनने त्यावर सविस्तर सूचना काढली. राख वाऱ्यावर, जमिनीवर किंवा पाण्यात सोडायची नाही, नातेवाइकांत वाटून घ्यायची नाही, एरवी घरीही ठेवायची नाही. तिची जागा दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र ठिकाणी. पुढे 2023 मध्ये यात थोडी ढील दिली गेली, पण सूर बदलला नाही.

नाशिकच्या रामकुंडावर अस्थी घेऊन गेलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटेल. आपल्याकडे राख आणि अस्थी वाहत्या पाण्यात सोडल्याशिवाय जीव सुटत नाही अशी समजूत, आणि इथे पाण्यात सोडायलाच बंदी! हा नुसता रूढीचा फरक म्हणून सोडून देता येत नाही. माणूस म्हणजे नेमके काय, याची दोन वेगळी उत्तरे त्यामागे आहेत. बौद्धांचे तिसरे.

आधी ख्रिस्ती उत्तर पाहू, कारण त्याबद्दल आपला गैरसमज मोठा आहे. ‘देह मरतो, आत्मा स्वर्गात जातो’ एवढेच ख्रिस्ती लोक मानतात असे बहुतेकांना वाटते. पण त्यांच्या जुन्या श्रद्धाघोषणेत उल्लेख येतो तो देहाच्या पुनरुत्थानाचा. संत पौलाने अथेन्समध्ये हे सांगितले तेव्हा काही श्रोत्यांनी त्याची टर उडवल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नोंदलेले आहे. ग्रीकांना अमर आत्म्याची कल्पना नवी नव्हती, पण मेलेला देह उठणार हे त्यांना हास्यास्पद वाटले. ऑस्कर कुलमान या प्रॉटेस्टंट अभ्यासकाने 1955 साली हार्वर्डमधील व्याख्यानात याच फरकावर बोट ठेवले. सॉक्रेटिस विषाचा प्याला शांतपणे पितो, कारण मृत्यू ही आत्म्याची सुटका आहे अशी त्याची खात्री. येशू मात्र गेथशेमानेच्या बागेत व्याकूळ होतो, कारण त्याच्या दृष्टीने मृत्यू हा खरोखरचा शत्रू आहे. कुलमान यांची मांडणी सगळ्यांना पटली नाही. देहाशिवायही आत्मा टिकतो असे कॅथलिक शिकवण मानते, आणि म्हणूनच मृतांसाठी मिस्सा होते, 2 नोव्हेंबरला वसईतल्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. पण नुसता आत्मा म्हणजे पुरता माणूस नव्हे, हे थॉमस अक्वायनसनेही बजावले होते. शिवाय हा आत्मा अनादी नाही. देव प्रत्येक माणसागणिक तो नव्याने निर्माण करतो. जन्म एकच, मरणही एकच. राखेला पत्ता हवा तो यासाठी. तो देह कुणाचा तरी आहे आणि त्याची अजून गरज पडणार आहे.

आता दहाव्याचा घाट. पिंड मांडलेले असतात, मंडळी मागे सरकून उभी राहतात आणि सगळ्यांचे डोळे झाडाकडे. कावळा शिवेना की कुजबुज सुरू होते: कशात जीव अडकला असेल? मग मोठा मुलगा पुढे होऊन हात जोडून सांगतो, आईला सांभाळीन, धाकटीचे लग्न करून देईन. तरीही शिवला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा. गरुडपुराणाच्या हिशेबाने या दहा दिवसांच्या पिंडांतून प्रेताचा नवा देह अवयवाअवयवाने घडत असतो, आणि बाराव्याच्या सपिंडीकरणाने प्रेत पितरांत जाऊन मिळते.

इथे एक शंका यायलाच हवी. गीता ज्याला अच्छेद्य, अदाह्य म्हणते त्या आत्म्याला भाताचा गोळा कशाला? शास्त्राचे उत्तर असे की प्रवास करतो तो सूक्ष्मदेह. इच्छा, संस्कार, कर्म यांचे गाठोडे त्याच्याबरोबर असते. भूक त्याची, आत्म्याची नव्हे. उत्तर चोख आहे, पण घाटावर उभ्या असलेल्या किती जणांना ते ठाऊक असते कुणास ठाऊक. तिथे तर सगळे ‘बाबा आले’ असेच म्हणतात.

उपनिषद मात्र याहून पुढे जाते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयीला सांगतो की पाण्यात टाकलेला मिठाचा खडा जसा विरघळतो आणि पुन्हा उचलून काढता येत नाही, तसेच हे. गेल्यावर वेगळी जाणीव उरत नाही. मैत्रेयी स्पष्ट म्हणते, तुम्ही मला गोंधळात टाकलेत. तिचा गोंधळ पुढे वेदान्ताच्या आचार्यांनी आपापसात वाटून घेतला. शंकराचार्यांच्या मते वेगळेपण हाच भ्रम. रामानुजांच्या मते जीव ब्रह्माचा अंश, त्याचे शरीर, पण मिटून जाणारा नव्हे. मध्वाचार्य तर जीव आणि ईश्वर मोक्षातही वेगळेच, असे ठासून सांगतात. तेव्हा ‘हिंदू आत्मा’ असा एकवचनी उल्लेख करताना जरा जपून. ख्रिस्ती माणसाला शंकराचार्यांपेक्षा मध्व जवळचे वाटतील, फक्त मध्वांचा जीव अनादी आहे हे तो मान्य करणार नाही.

बुद्धांकडे वच्छगोत्त नावाचा परिव्राजक आला. त्याने विचारले, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग आत्मा नाही का? तरीही गप्प. तो उठून निघून गेला. आनंदाने कारण विचारले तेव्हा बुद्धांनी सांगितले की ‘आहे’ म्हटले तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे होते आणि ‘नाही’ म्हटले तर उच्छेदवाद्यांची. शिवाय आधीच गोंधळलेला हा माणूस आणखी गोंधळला असता की माझा आत्मा कालपर्यंत होता, आज कुठे गेला! रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध तपासा, त्यांत ‘हे माझे, हा मी’ म्हणण्याजोगे काही सापडते का पाहा, एवढेच त्यांचे सांगणे. मग पुनर्जन्म कुणाचा? हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी टाळला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म कसे मानायचे, ही अडचण त्यांनी स्वतःच मांडली. 1956 च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे, तेही या दृष्टीने पाहावे. पुरोहितशाहीला नकार तर त्यात आहेच, पण ज्याला पिंड द्यायचा तो कुणी मुळात मानलेलाच नाही. आणि राख? बुद्धांच्या अस्थींचे आठ वाटे झाले, त्यांवर स्तूप उभे राहिले. चर्च जी वाटणी निषिद्ध मानते ती इथे परंपरेचा आरंभ ठरली. त्या अस्थींत बुद्ध बसलेले नाहीत, स्तूपाला फूल वाहणाऱ्याचे चित्त शांत व्हावे एवढाच हेतू.

साधनेत या वाटा एकमेकींत मिसळतात असे आपण सहज म्हणतो. लोणावळ्याच्या साधना इन्स्टिट्यूटचे फादर अँथनी डिमेलो यांचे उदाहरण घ्या. मुंबईत जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूने 1978 च्या ‘साधना’ या पुस्तकात ख्रिस्ती प्रार्थनेच्या तयारीसाठी शरीरातल्या संवेदना आणि श्वास यांवरचे ध्यान शिकवले. पुस्तक जगभर गेले. डिमेलो 1987 मध्ये वारले आणि 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाविषयी सावधगिरीची सूचना काढली. आक्षेप श्वासावर नव्हता. सुरुवातीच्या पुस्तकांबद्दल त्यात बरे शब्दही आहेत. नंतरच्या लिखाणात देव व्यक्तिरूप उरत नाही आणि जीव त्यात मिठासारखा विरघळतो, हा मुख्य आक्षेप. याज्ञवल्क्याचाच खडा!

या सूचनेवर तेव्हा बरीच टीका झाली आणि तिची भाषा मलाही कडक वाटते. पण चर्चने नेमकी जागा हेरली होती. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस श्वास पाहतात, चौथ्या दिवसापासून संवेदना. तिथे साधक कुणाशी बोलत नाही, आणि मौन हा त्यातला लहान भाग. मुळात समोर कुणी नसतेच. संवेदना येते, जाते, आणि पाहणाराही ठाम राहत नाही. ख्रिस्ती प्रार्थनेला मात्र दोघे लागतात, बोलणारा आणि ऐकणारा. त्यातला एक विरघळला तर प्रार्थना थांबली. अद्वैती साधक तिसरीकडेच निघालेला असतो. पाहणारा तेवढा खरा, बाकी सगळे दृश्य, हे त्याला पक्के करायचे असते. तिघे डोळे मिटून शेजारी बसले तर बाहेरून फरक कळणार नाही. म्हणून ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य मला सौजन्याचे वाटते, खरे वाटत नाही. डिमेलोंवरचा वाद त्या वाक्याने मिटला नसता.

पुढच्या आठवड्यात जपमाळेकडे वळू. घरात तुळशीची माळ असेल, शेजाऱ्यांकडे रोझरी किंवा बौद्ध माळ असेल, तर तेवढे मणी मोजून ठेवा.