रात्र मोजणारी ग्रंथी

गेल्या आश्विनातली गोष्ट. कर्जतला मावशीकडे गेले होते. ओटीवर भातकापणीच्या गप्पा रंगल्या होत्या, तेवढ्यात मावशीची सून खोपोलीहून सकाळच्या गाडीने परतली. ती तिथे एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि गेली चार वर्षे बहुतेक रात्रपाळीच करते. चहाचा पेला हातात घेऊनच तिने मला माडीवर नेले आणि पर्समधून गोळ्यांची डबी काढली.

"ताई, एवढे वाचून सांगा ना. मैत्रिणीने दिलीय. लग्नाला सहा वर्षे झाली, पाळीचाही काही नेम राहिला नाही. घरात कुणी बोलत नाही हो, पण न बोललेलेच जास्त ऐकू येते."

डबीवर नाव होते मेलाटोनिन. मी मराठीची प्राध्यापिका. माझ्या कपाटात शब्दकोश आहेत, औषधकोश नाहीत. पण शब्दाची पाठ धरायची खोड जुनी आहे. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळा. 1917 साली बेडकाच्या पिलांवर प्रयोग करताना असे दिसले की, गाईच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथीच्या अर्काने त्यांची कातडी फिकी पडते. पुढे येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी 1958 साली त्या अर्कातले द्रव्य वेगळे केले. शोधायला गेले कातडीच्या रंगाचे रहस्य, आणि हाती लागले रात्रीचे घड्याळ!

ही ग्रंथी माणसात जेमतेम भाताच्या दाण्याएवढी. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या शेजारी बसून दुसरी कोणती उपमा सुचणार? देकार्त नावाच्या तत्त्वज्ञाने आत्म्याचे ठाणे तिथेच असल्याचे सांगितले होते. आत्म्याचे ठाऊक नाही, पण अंधार पडल्यावर ती मेलाटोनिन स्रवू लागते आणि उजाडले की थांबते, एवढे नक्की. रात्र लांबली की स्राव लांबतो, आणि त्यावरून शरीराला ऋतू कळतो. 1963 साली वुर्टमन, ॲक्सेलरॉड आणि चू यांनी उंदरांच्या माद्यांना हे द्रव्य टोचले तेव्हा बीजकोशांची वाढ मंदावली. प्रजननाशी नाते जुळले ते तिथे.

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात चंदना हलदार यांनी या ग्रंथीवर अनेक वर्षे काम केले, आणि तेही कुणा विलायती प्राण्यावर नव्हे, तर अंगणातल्या पट्टेदार खारीवर. खारीचे मेलाटोनिन वाढलेले असते तेव्हा तिच्या जननग्रंथी निजलेल्या असतात. ते उतरले की जाग्या होतात. म्हशीची तऱ्हा उलटी. खालापुरातला कोणताही गवळी सांगेल की दिवस लहान होऊ लागले की म्हैस माजावर येते. द्रव्य एकच, पण एकीला ते 'थांब' सांगते, दुसरीला 'चल'. हे द्रव्य म्हणजे हुकूम नव्हे, नुसते पंचांग आहे. त्यातला मुहूर्त ज्याने त्याने आपापला काढायचा. ही गंमत मला फार आवडली.

माणसाचे काय? आपल्याला असा ऋतू उरलेला नाही. मात्र रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की माणसाचेही मेलाटोनिन घसरते, हे आल्फ्रेड लेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली दाखवले. आणि उजेडाचे म्हणाल तर, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून 1915 साली मुंबईला वीज गेली ती याच खोपोलीहून! पाळ्या बदलत काम करणाऱ्या स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. पण त्यात उजेडाचा दोष किती, अपुऱ्या झोपेचा किती आणि दगदगीचा किती, हे अजून नीट वेगळे काढता आलेले नाही. स्त्रीबीजाभोवतीच्या द्रवात हे द्रव्य रक्तातल्यापेक्षा अधिक असते आणि बहुधा ते बीजाची झीज रोखते. जपानमध्ये 2008 साली तामुरा यांनी काही स्त्रियांना ते देऊन बीजांची प्रत सुधारल्याचे नोंदवले. एवढ्यावरून गोळी घेतली की पाळणा हलतो, असे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही.

हे सगळे मी तिला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे दोष माझाच, असे काही नाही ना?"

"दोघांची तपासणी झालीय का?" मी विचारले.

तिने मान हलवली. नवऱ्याची तपासणी झालीच नव्हती. सहा वर्षांत तिच्याच रक्ताच्या चाचण्या, तिचेच उपास, तिचेच नवस. माझा मावसभाऊ शिकलेला, चांगल्या हुद्द्यावर आहे; पण ही गोष्ट त्याच्याशी काढायची कुणी? शेवटी मीच काढली, रात्री जेवणानंतर, अंगणात. तो चिडला नाही. बराच वेळ पायरीवर बसून राहिला, आणि मग म्हणाला, "कुणाकडे जायचे ते ठरव, मी येतो."

दिवाळीआधी तिचा फोन आला. दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. आणखी चाचण्या व्हायच्या आहेत. मेट्रनबाईंनी तिला तीन महिने दिवसपाळी दिली आहे. गोळ्यांची डबी तिने त्या दिवशी माझ्याकडेच ठेवली होती. डॉक्टरांनी ती पाहायला मागितली आहे, म्हणून भाऊबीजेला कर्जतला जाताना बरोबर नेणार आहे.