सॅलडवर काय ओतायचं?

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘मन की बात’मधून पंतप्रधानांनी खाण्यातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी भागावरच्या इशाऱ्यांबाबत तज्ज्ञ समितीला मुदत घालून दिली. जुलैत समोसा-जिलेबीतलं तेल आणि साखर सांगणाऱ्या फलकांवरून रण माजलं. या सगळ्या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते तळलेले आणि पाकातले पदार्थ. पण ज्यांनी मनावर घेऊन समोसा सोडला आणि सॅलडचा वाडगा पुढे ओढला, त्यांनी त्या वाडग्यावर काय ओतलं, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मॉलमधलाच नव्हे, तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातला फळीचा एक कप्पाही आता मेयोनीज आणि ड्रेसिंगच्या बाटल्यांनी भरलेला असतो.

हिशेब साधा आहे. काकडी, टोमॅटो, कोबी असं २०० ग्रॅम सॅलड म्हणजे जेमतेम ४० कॅलरी. त्यावर दोन टेबलस्पून नेहमीचं मेयोनीज घातलं की १८०च्या वर कॅलरी वाढतात. ऑलिव्ह तेलाने हे गणित सुटत नाही. तेल कोणतंही असो, घाण्याचं, रिफाइंड किंवा इटलीहून आलेलं, एका ग्रॅममध्ये नऊच कॅलरी असतात आणि एका टेबलस्पूनमध्ये सुमारे १२०. फ्रेंच पद्धतीच्या व्हिनिग्रेटचं पाठ्यपुस्तकी प्रमाण तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असं आहे. म्हणजे दिसायला पातळ आणि पारदर्शक असलेलं हे ड्रेसिंगही मुख्यतः तेलच असतं.

बाटली विकत घ्यायचीच असेल तर पुढची बाजू न बघता ती उलटी करावी. मागच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमचा आकडा असतो आणि दोन बाटल्यांची तुलना करायची तर त्याच आकड्यावर करावी. शेजारचा ‘एका वाढणीचा’ आकडा नेहमी गोंडस दिसतो, कारण वाढणी किती ग्रॅमची धरायची हे कंपनी ठरवते आणि घरात बाटली दाबताना कुणी ग्रॅम मोजत नाही. भारतीय नियमांनुसार ‘लो फॅट’ म्हणवून घ्यायचं तर १०० ग्रॅम घन पदार्थात तीन ग्रॅमहून अधिक चरबी चालत नाही आणि ‘लो कॅलरी’साठी ४० कॅलरींची मर्यादा आहे. ‘लाइट’ हा शब्द मात्र तुलनेचा आहे. त्याच कंपनीच्या मूळ मेयोनीजपेक्षा हलकं, एवढाच त्याचा अर्थ. मूळ पदार्थच तेलाचा असेल तर त्याचा हलका भाऊही बऱ्यापैकी वजनदार निघतो.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी बरंच कळतं. पाणी, दही किंवा व्हिनेगर आधी आणि तेल मागे असेल तर ठीक. दर्शनी चित्रात ऑलिव्हची फांदी आणि यादीत मात्र आधी सोयाबीन तेल, मग साखर, असं असेल तर बाटली परत फळीवर ठेवावी. सोडियमचा आकडाही नजरेखालून घालावा. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे आणि तेल काढल्यावर गेलेली चव भरून काढायला मीठ आणि साखर हे कारखान्याचे सर्वांत स्वस्त उपाय आहेत.

तेल काढल्यावर दाटपणाही जातो. तो परत आणायला यादीत ४१५ हा आकडा येतो. हा झँथन गम. अमेरिकी कृषी खात्याच्या इलिनॉयमधल्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत तो विकसित झाला आणि १९६९मध्ये त्याला अन्नात वापरायची परवानगी मिळाली. तो तयार करणारा जिवाणू शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे: कोबीवर काळी कूज आणतो तोच झँथोमोनस. कोबीचा रोग म्हणून ओळखला जाणारा जीव कोबीच्या सॅलडवरच्या ड्रेसिंगला दाटपणा देतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, चिमूटभर गम निरुपद्रवी असतो. पण तो फक्त दाटपणा देतो, चव देत नाही, ती साखरेने भरून काढली जाते, आणि शून्य चरबीच्या बाटल्या चिकट-गोड लागतात त्या यामुळेच.

या शून्य चरबीच्या हट्टाला खरा छेद दिला तो अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या वेंडी व्हाइट यांनी. त्यांच्या गटाचा २००४मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग छोटा होता, माणसं फक्त सात. पण त्याची रचना इतकी नेटकी होती की आहारशास्त्राचे अभ्यासक आजही त्याचा दाखला देतात. पालक, लेट्यूस, गाजर आणि चेरी टोमॅटो असं तेच सॅलड प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी तीन ड्रेसिंग घालून दिलं: एकात तेल अजिबात नाही, दुसऱ्यात सहा ग्रॅम कॅनोला तेल, तिसऱ्यात २८ ग्रॅम. मग पुढचे बारा तास दर तासाला रक्त घेऊन त्यात गाजराचं बीटा कॅरोटिन आणि टोमॅटोचं लायकोपीन किती उतरलं ते तपासलं. बिनतेलाच्या सॅलडनंतर रक्तात जवळजवळ काहीच उतरलं नव्हतं. गाजर-टोमॅटो पोटात गेले, पण त्यांच्यातली ही रंगद्रव्यं शरीराच्या हाती लागलीच नाहीत. ती पाण्यात विरघळत नाहीत, आतड्यातून पुढे जायला त्यांना चरबीची सोबत लागते. सॅलड खाण्यामागे जो हेतू असतो, त्यातला मोठा वाटा शून्य चरबीच्या बाटलीने असा वाया जातो.

सहापेक्षा २८ ग्रॅमने शोषण बरंच वाढलं, हेही त्याच प्रयोगात दिसलं. म्हणून कुणी वाडग्यात तेल ओतायचं कारण नाही, कारण पुढचा धागा पर्ड्यू विद्यापीठाने २०१२मध्ये पुरवला. तिथे २९ जणांना लोणी, सोयाबीन तेल आणि कॅनोला तेलाची ड्रेसिंग तीन, आठ आणि २० ग्रॅम अशा मात्रांत दिली गेली. लोणी आणि सोयाबीन यांची मात्रा वाढवली तसं शोषण वाढत गेलं, पण एकअसंतृप्त चरबी अधिक असलेल्या कॅनोलाने तीन ग्रॅमवरही चांगलं काम केलं. तीन ग्रॅम म्हणजे लहान चमचाभरही नाही. कॅनोला आपल्याकडच्या फार थोड्या घरांत असतं. शेंगदाणा तेलातही एकअसंतृप्त चरबीचाच वाटा सर्वांत मोठा असतो. प्रयोग शेंगदाणा तेलावर झालेला नाही, हे मान्य. तरीही सोयाबीन आणि शेंगदाणा यांत निवड करायची तर कौल कुठे द्यावा, हे उघड आहे.

आणि इथे कोशिंबिरीकडे वळावंच लागतं. चार माणसांची खमंग काकडी घ्या. ४०० ग्रॅम काकडी कोचवलेली, दोन टेबलस्पून दाण्याचं कूट, लिंबू, मिरची, कोथिंबीर आणि वरून दोन लहान चमचे तेलाची हिंग-मोहरी-जिऱ्याची फोडणी. कूट आणि तेल धरून माणशी साधारण ५० कॅलरी आणि पाच ग्रॅम चरबी. आयोवा आणि पर्ड्यूच्या आकड्यांशेजारी हे पाच ग्रॅम ठेवून पाहिले की कोशिंबिरीला ताटात डावी बाजू मिळाली असली तरी तिचं गणित किती चोख आहे ते कळतं.

दोन चमचे तेल चार माणसांना पुरतं कसं? कारण फोडणीतलं तेल हे नुसतं तेल राहत नाही. जिरे, हिंग, कढीपत्ता यांचे सुगंधी अंश पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. तापलेल्या तेलात ते काही सेकंदांत उतरतात आणि चमचाभर तेल सगळ्या वाडग्यात वास घेऊन फिरतं. कच्च्या तेलाच्या ड्रेसिंगला तेवढ्या चवीसाठी बरंच जास्त तेल लागेल. बाटलीतल्या ड्रेसिंगवर फोडणी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चविष्ट तोडगा आहे, असं ठामपणे म्हणायला हवं.

फोडणी नको, लेट्यूसवर ओतता येईल असं काही हवं, तर मोहरी फेसावी. लोणच्यासाठी आजी फेसायची तशीच. लहान चमचाभर मोहरी थोड्या गार पाण्यात भिजवून छोट्या मिक्सरमध्ये किंवा खलात वाटायची. पाण्याशी गाठ पडली की तिच्यातलं विकर जागं होतं आणि पाच-दहा मिनिटांत नाकात झणका जातो. झणका चढेपर्यंत लिंबू घालायचं नाही, कारण आंबटाने ती क्रिया तिथेच थांबते. चढल्यावर मात्र घालायचं, म्हणजे तिखटपणा टिकतो. मग दोन लहान चमचे लिंबाचा रस, तितकंच शेंगदाणा तेल, चार चमचे पाणी, मीठ आणि बोराएवढा गूळ एकत्र करून झाकणाच्या बाटलीत जोराने हलवायचं. मोहरीच्या सालीतला बुळबुळीत अंश तेल आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून पाण्याचं प्रमाण इतकं असूनही ते पानावरून घरंगळत नाही. चौघांत मिळून तेलाच्या ९० कॅलरी. परदेशी मोहरीच्या महागड्या बाटलीचं काम यात भागतं.

मलईदार चवीचे शौकीन ‘रँच’ मागतात. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ स्टीव्ह हेन्सन यांनी १९५०च्या दशकात एक गेस्ट रँच विकत घेतलं, तिथल्या जेवणात हे ड्रेसिंग गाजलं आणि १९७२मध्ये क्लोरॉक्स कंपनीने ते ८० लाख डॉलरला घेतलं. कोरडा मसाला, ताक आणि मेयोनीज, एवढीच त्याची मूळ बांधणी. त्यातलं मेयोनीज वगळून त्या जागी चक्का घातला की सगळा जडपणा जातो. टोन्ड दुधाच्या वाटीभर दह्यात सुमारे ९० कॅलरी असतात. ते तासभर पंचात टांगायचं, मग लसूण, मिरपूड, कोथिंबीर किंवा शेपू आणि पातळ करायला थोडं ताक. फुल क्रीम दुधाचं दही घेतलं तर चरबी दुप्पट होते, कारण टोन्ड दुधात तीन टक्के आणि फुल क्रीममध्ये सहा टक्के स्निग्धांश असतो.

आंबट पदार्थांच्या बाबतीत तर कोकण आणि गोवा यांना बाहेर बघायची गरजच नाही. कोकमाचं आगळ चमचाभर पुरतं. ते खारवलेलं असतं, त्यामुळे वरून मीठ घालू नये. बीट आणि कांद्यावर ते फारच छान लागतं. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर मिळतं. त्याला स्वतःचा वास आणि किंचित गोडवा आहे, कारखान्याच्या पांढऱ्या व्हिनेगरचा नुसता घसा खरवडणारा आंबटपणा नाही. कैरीच्या दिवसांत कैरीचा कीस पुरे. यांतल्या कशानेही कॅलरी मोजण्याइतक्या वाढत नाहीत आणि आंबटपणा नेमका असला की तेल कमी पडल्याचं जिभेला कळत नाही.

कमी ड्रेसिंगमध्ये भागवायचं तर पानं कोरडी हवीत. धुतलेल्या लेट्यूसवर पाणी राहिलं की ड्रेसिंग चिकटत नाही, तळाशी साचतं, आणि माणूस आणखी ओततो. सुती पंचात गुंडाळून पाणी टिपलं तर अर्ध्या ड्रेसिंगमध्ये काम होतं. ते वरून ओतून सोडण्यापेक्षा मोठ्या परातीत हाताने कालवलं तर प्रत्येक पानाला लागतं. काकडी आणि टोमॅटोला मीठ लागलं की पाणी सुटतं, म्हणून ऑफिसच्या डब्यात भाजी कोरडी न्यावी आणि मीठ घातलेलं ड्रेसिंग छोट्या डबीत वेगळं. फेसलेल्या मोहरीचं ड्रेसिंग फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं, दह्याचं मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावं, आणि त्यातली लसूण आयत्या वेळी ठेचून घातलेली बरी.