हे माझंच आहे, कशावरून?

२०२३ सालची रमजान ईद २२ एप्रिलला, शनिवारी होती. ईदसाठी आम्ही सगळे रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. माझा भाचाही आला होता. त्याचा नवी मुंबईत, नेरूळला एका व्यापारी संकुलात पहिल्या मजल्यावर गाळा आहे. तिथे तो ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन खोल्या, भिंतींना फोम, मध्ये एक काच. हळदीची गाणी, आगरी-कोळी गीतं, एखाद्या भजनी मंडळाचे अभंग, रमजानच्या आधी नातिया कलाम, असं सगळं तिथे होत असतं. सोमवारी सकाळी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला, ''भाई, तुमचं शटर अर्धं वर दिसतंय.''

आम्ही पोचलो तेव्हा आतल्या दाराचा कडीकोयंडा उचकटलेला होता. लॅपटॉप, दोन माईक, माईकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस, दोन हेडफोन आणि कोपऱ्यातली हार्मोनियम गेली होती. आणि टेबलाच्या खणातली हाताच्या तळव्याएवढी हार्ड डिस्क.

त्या डिस्कबद्दल आधी सांगतो, कारण माझ्या लेखी चोरी खरी तिचीच झाली. आमच्या कोकणी मुसलमानांच्या लग्नात बायका हळदीला, मेंदीला आमच्या बोलीतली गाणी म्हणतात. ती कुठे छापलेली नसतात, एकीकडून दुसरीकडे जातात. माझ्या खालाला, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीला, अशी अकरा गाणी पूर्ण पाठ होती. भाच्यानं आदल्या वर्षी तिला स्टुडिओत बसवून ती सगळी मुद्रित केली. त्याच पावसाळ्यात खाला गेली.

आता मूळ विषयाकडे येतो. घरफोडी झाल्यावर माणूस काय करतो? आधी आत धावतो, कपाटं उघडून बघतो, पसारा आवरायला लागतो. आम्हीही तेच करणार होतो. झेरॉक्सवाल्यानं दारातच अडवलं म्हणून बरं झालं. कशालाही हात लावायचा नाही. ११२ क्रमांकावर फोन करायचा आणि बाहेर थांबायचं. ठसेतज्ज्ञांना जे मिळायचं ते खण, काच, कडी यांवरच मिळतं, आणि आपल्या बोटांनी आपणच ते पुसून टाकतो. दुसरं काम सीसीटीव्हीचं. बहुतेक यंत्रांमधलं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून संकुलाच्या कार्यालयाला त्याच दिवशी सांगून ते राखून ठेवायला लावायचं.

मग फिर्याद. हा शब्द मूळचा फारसी. मदतीसाठी मारलेली हाक, असा त्याचा अर्थ. उर्दू शायरीत ही फरियाद देवापाशी नाहीतर प्रेयसीपाशी जाते आणि सहसा कुणी ती लिहून घेत नाही. पोलीस ठाण्यात मात्र ती लिहून घेतली जाते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

आमच्या भाच्यानं सांगायला सुरुवात केली, ''एक लॅपटॉप, दोन माईक, एक पेटी...'' लिहून घेणारे हवालदार वयानं माझ्याएवढे होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ''बाळा, असे माईक बाजारात शंभर आहेत. उद्या मी त्यातले दहा तुझ्यापुढे आणून ठेवले, तर तुझा कोणता?''

भाचा गप्प झाला. मीही गप्प झालो. गेलेली वस्तू परत मिळण्याचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे.

मोबाईल चोरीला गेला तर त्याला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. २०२३ पासून सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो नोंदवून फोन बंद पाडता येतो, आणि कुणी त्यात दुसरं सिमकार्ड घातलं की माग लागतो. माईकचं, की-बोर्डचं, गिटारचं तसं नाही. त्यांच्यावरही अनुक्रमांक असतो, पण तो कुणी विचारत नाही. तो ठाऊक असतो फक्त मालकाला, आणि तोही त्यानं कुठे लिहून ठेवला असेल तर. तबला, ढोलकी, हार्मोनियम यांवर तर असा क्रमांक बहुधा नसतोच.

नेरूळच्या शेजारचं स्टेशन जुईनगर. तिथे नोव्हेंबर २०१७ मध्ये बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोरी झाली होती, ती अनेकांना आठवत असेल. चोरांनी जवळचा गाळा दुकानासाठी म्हणून भाड्यानं घेतला, तिथून भुयार खणलं आणि लॉकर फोडले. पुढे आरोपी पकडले गेले. पण लॉकरमध्ये काय ठेवलं आहे याची नोंद बँकेकडे नसते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. अशा वेळी पोलिसांनी सोनं समोर आणून ठेवलं, तरी यातली माझी बांगडी कोणती हे सांगायला जुना फोटो नाहीतर सोनाराची पावती लागते.

हवालदारांचा प्रश्न घेऊन घरी आलो आणि मला आमच्याच धंद्यातली एक रीत आठवली. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर आपलं टोपणनाव गुंफतो. अभंगात 'तुका म्हणे' येतं, 'नामा म्हणे' येतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही आपल्या रचनांत आपलं नाव घातलं. याला नाममुद्रा म्हणतात. कविता तोंडोतोंडी फिरते, कुणीही आपली म्हणून खपवू शकतो, तेव्हा नाव आतच शिवून टाकायचं. माईकवरचा अनुक्रमांक म्हणजे माईकची नाममुद्रा. ती असते, आपण ती वाचत नाही, इतकंच. मिरजेच्या ज्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या घडवणारे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं करणारे आणि पाजळणारे. तेही तयार वाद्यावर आपलं नाव घालतात. पण ते नाव करणाऱ्याचं. वाद्य कुणाच्या मालकीचं, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं.

मग आम्ही शोधाशोध केली. माळ्यावर माईकचे रिकामे खोके होते. त्यांवर छापलेला क्रमांक मिळाला. लॅपटॉपचं बिल ई-मेलमध्ये होतं. इंटरफेस घेताना भाच्यानं कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी केली होती. तिथे क्रमांक निघाला. हार्मोनियमचं काय? तिचे फोटो मुद्रणाच्या वेळी काढलेल्या चित्रफितींत सापडले. एका सुराची पट्टी बदललेली, तिचा रंग बाकीच्यांपेक्षा पिवळट. शिवाय ती दुरुस्त करणाऱ्या चाचांना फोन केला. ते म्हणाले, ''आत भात्याच्या लाकडावर मी पेन्सिलीनं तारीख आणि पट्टी लिहून ठेवतो. खोलून बघा.'' ही सगळी माहिती लिहून आम्ही पुरवणी जबाब दिला. फिर्यादीत राहिलेली गोष्ट नंतर अशी देता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

चोरीची वस्तू जाते कुठे? उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनायांचं काय झालं ते पाहा. खाँसाहेब २००६ मध्ये गेले. डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीत त्यांच्या मुलाच्या घरातून त्यांच्या चांदीच्या शहनाया चोरीला गेल्याचं उघड झालं. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकानं छडा लावला. संशयित घरातलाच निघाला, आणि शहनाया १७ हजार रुपयांना सराफाला विकल्या गेल्या होत्या. पोलिसांच्या हाती लागली ती एक लाकडी शहनाई आणि वितळवलेली चांदी. ज्या वाद्यात भारतरत्नाचा श्वास गेला, त्याची किंमत धातूच्या वजनावर झाली. म्हणून पहिले काही दिवस महत्त्वाचे.

याच्या उलटही घडतं. रोमन टोटेनबर्ग या व्हायोलिनवादकाचं १७३४ मधलं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन १९८० मध्ये अमेरिकेत एका कार्यक्रमानंतर चोरीला गेलं. ते २०१५ मध्ये सापडलं, कारण ते किंमत करायला आणलं गेलं तेव्हा तज्ज्ञानं ओळखलं. अशा व्हायोलिनांची मापं आणि छायाचित्रं नोंदलेली असतात. तोवर टोटेनबर्ग हयात नव्हते. व्हायोलिन त्यांच्या मुलींना मिळालं. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांची १९७२ मध्ये गेलेली बास गिटारही अर्ध्या शतकानंतर परत आली. ती बातमी २०२४ ची. नाव आणि खूण असलेली वस्तू पचवायला कठीण जाते, एवढाच याचा अर्थ.

आमची खूणही कामाला आली. भाच्यानं क्रमांकांसह यादी ओळखीच्या वादकांना, ध्वनिक्षेपकवाल्यांना आणि जुनी वाद्यं विकणाऱ्यांना पाठवली. तीन आठवड्यांनी एका की-बोर्ड वाजवणाऱ्या पोराचा फोन आला. एका दुकानात तसाच माईक होता आणि क्रमांक जुळत होता. भाचा लगेच निघाला. मी म्हटलं, ''थांब. आधी तपास अधिकाऱ्यांना फोन कर.''

''मामू, तोवर माल गेला तर?''

''गेला तर गेला. तू हात घातलास तर तो पुरावा राहणार नाही, आणि भांडण झालं तर तूच आत.''

अशा वेळी स्वतः जाऊन दरडावू नये, आणि पैसे देऊन वस्तू सोडवूनही आणू नये. ऑनलाइन जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट घ्यावा, पत्ता लिहावा आणि पोलिसांना द्यावा. घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, जे विकणाऱ्याचं नाही त्याची मालकी तो साधारणपणे दुसऱ्याला देऊ शकत नाही. तुम्ही चांगल्या मनानं पैसे मोजले असले तरी वस्तू मूळ मालकाकडे जाते. आणि चोरीची आहे हे जाणून घेतली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वस्त मिळणाऱ्या जुन्या माईकचं बिल मागण्यात म्हणूनच कमीपणा नाही.

पोलीस गेले, पंचनामा झाला. दुकानदारानं दिलेल्या माहितीवरून पुढचे धागे जुळले. दोन्ही माईक, इंटरफेस आणि हार्मोनियम मिळाली. ठाण्यात पंचांसमोर हार्मोनियमचं झाकण उघडलं. आत पेन्सिलीनं लिहिलेली तारीख होती. हवालदार माझ्याकडे बघून हसले.

पण सापडली म्हणजे मिळाली नव्हे. जप्त वस्तू मुद्देमाल होते, पुरावा होते. पुष्कळ लोक इथेच थकतात. खटला संपेपर्यंत काही मिळायचं नाही, असं समजून घरी बसतात. तसं नाही. मालकाला न्यायालयात अर्ज करून वस्तू ताब्यात मागता येते. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितलं की, मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नये. तपशीलवार पंचनामा करावा, छायाचित्रं घ्यावीत, बंधपत्र घ्यावं आणि वस्तू लवकर परत द्यावी. आम्ही अर्ज केला तेव्हा जुनी संहिता होती, कलम ४५१. आता नव्या संहितेत कलम ४९७ आहे आणि त्यात मुदतीही घातल्या आहेत. वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो घ्यायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्याबाबत आदेश द्यायचा. अर्जाला बिलं, फोटो, फिर्यादीची प्रत जोडायची. खटला संपेपर्यंत वस्तू विकायची नाही आणि बोलावलं की हजर करायची, अशी हमी द्यायची. वाद्याच्या बाबतीत ही घाई गरजेचीच असते. दमट खोलीत एक पावसाळा काढला की तबल्याची पुडी सैल पडते आणि हार्मोनियमच्या सुरांना गंज चढतो.

विम्याचं थोडक्यात. घराच्या विम्यात धंद्याचं सामान आपोआप येतं असं समजू नका. घरफोडीचा वेगळा विमा घेताना वस्तूंची यादी द्या. दाव्यासाठी फिर्यादीची प्रत लागते, आणि चोर सापडलाच नाही तर तपास बंद झाल्याचा अहवालही. आपल्याकडे त्याला 'अ' समरी म्हणतात.

लॅपटॉप मिळाला नाही. हार्ड डिस्कही नाही. पकडलेल्यांपैकी एकानं सांगितलं म्हणे, ती कुणी घेत नव्हतं म्हणून टाकून दिली. कुठे, ते त्याला आठवत नव्हतं. अनुक्रमांक माईक परत आणू शकतो, आतला आवाज परत आणू शकत नाही. त्याला एकच उपाय, दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्या जागी. एकाच खणात ठेवलेल्या दोन प्रती चोराच्या दृष्टीनं एकच असतात.

अकरा गाण्यांपैकी दोन वाचली. मुद्रण झालं त्या रात्री भाच्यानं ती सहज माझ्या फोनवर पाठवली होती. त्यातल्या दुसऱ्याच्या शेवटी खाला मध्येच थांबते आणि विचारते, ''झालं का रे? पुन्हा म्हणू?''

तेव्हा आज रविवार आहे, थोडा वेळ काढा. घरातल्या प्रत्येक वाद्याचा, यंत्राचा चारही बाजूंनी फोटो घ्या. क्रमांक वहीत लिहा. क्रमांक नसेल तर आत कुठेतरी आपली खूण करा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज कुठे मुद्रित करून ठेवला असेल, तर त्याची एक प्रत आजच बहिणीकडे, भावाकडे पाठवा. भाच्यानं हार्मोनियम घरी आणल्यावर पहिलं काम तेच केलं. चाचांच्या तारखेखाली त्यानं पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं.