घाव पडलेली रोमक चांदी

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरांवर गोदातीरी वसलेले पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरील व तेथे गाड्यांतून अकीकाच्या जातीचे दगड पाठविणारी पेठ म्हणून त्याचा निर्देश असल्याने, रोमक नाण्यांच्या संग्राहकाचे लक्ष या मुलखाकडे जावे, हे स्वाभाविकच आहे. भडोचला रोमक सोन्याचांदीचे दिनार स्थानिक चलनाशी नफ्याने बदलले जात, असेही तोच ग्रंथकार नमूद करतो.

हा चांदीचा दिनार ऑगस्टसच्या काळी वजनाने सुमारे 3.9 ग्रॅम असून कसाला जवळजवळ शुद्ध होता. भारतात सापडलेल्या निधींत दोन प्रकार विशेष आढळतात: ढाली-भाल्यांसह उभे असलेले ऑगस्टसचे नातू गायस व लुशियस यांचा एक, आणि आसनस्थ स्त्रीमूर्तीचा टायबेरियसचा दुसरा. इसवी सन 64 च्या सुमारास नीरोने वजन व कस दोन्ही घटविल्यानंतरच्या दिनारांचे प्रमाण येथे अल्प आहे. आमच्या सराफांस जुनी, खरी चांदीच पसंत पडली असावी, असे अनुमान त्यावरून निघते.

छत्रपती संभाजीनगरप्रमाणेच पूर्वी निजामाच्या अमलाखाली असलेल्या तेलंगणातील अक्कनपल्ली येथे 1,500 हून अधिक दिनारांचा निधी मिळाला, आणि त्यांतील अनेक नाण्यांवर छिन्नीचे घाव व बारीक ठसे आहेत. युरोपातील संग्राहक ज्याला व्यंग मानून किंमत उतरवील, तेच येथे त्या नाण्याच्या दख्खनमधील वास्तव्याचे प्रमाण ठरते. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या सुमारे 13,250 नाण्यांचीही हीच कथा: नहपान क्षत्रपाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे, आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नव्याने ठोकलेली चैत्य व उज्जयिनी चिन्हे. ती नाणी घासूनपुसून चकचकीत केली, तर एका राजवटीच्या पराभवाचा पुरावाच पुसट होईल.

म्हणून जाणता संग्राहक नाणे हाती येताच प्रथम वजन, कड व घाव पाहतो आणि स्थळ, निधीतील संख्या व सोबतच्या वस्तू यांची नोंद मागतो. 1878 च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास वर्दी देणे बंधनकारक असते, आणि 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्याची खासगी निर्यात निषिद्ध ठरते. हे नियम पुष्कळांना कटकटीचे वाटतात. परंतु निधी फुटून निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडे गेला, की प्रत्येकाच्या हाती चांदी येते आणि व्यापाराचा इतिहास कोणाच्याच हाती उरत नाही.