एबीसीडी तोंडपाठ, तरी पोराला ‘बॅट’ वाचता येत नाही. गडबड नेमकी कुठंय?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं ओळीने लागतात. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर पिवळी पाटी आणि तिच्यावर एकच नाव तीन वेळा. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत.

आता खिडकीत बसलेला मराठी शाळेतला एखादा चौथीतला पोरगा घ्या. मराठी ओळ तो झटक्यात वाचतो, ‘बदलापूर’. त्याला म्हणा, आता इंग्रजी वाच. तो परत ‘बदलापूर’ म्हणतो. आई खूश. पण त्याने इंग्रजी वाचलेलं नसतं, मराठी वाचून तेच पुन्हा सांगितलेलं असतं.

खात्री करायची असेल तर त्याच पाटीवरची पहिली तीन इंग्रजी अक्षरं कागदावर लिहून द्या. बी, ए, डी. पोरगा ‘बी, ए, डी’ म्हणेल आणि तुमच्या तोंडाकडे बघेल. फार तर ‘बद’ म्हणेल. ‘बॅड’ म्हणणारी मुलं कमीच.

म्हणजे अक्षरं येतात, वाचन येत नाही. आणि हे एका पोराचं नाही.

‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचा ‘असर’ नावाचा सर्व्हे २००५ पासून देशभरातल्या गावांत जाऊन मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावतो. इंग्रजीसाठी त्यात चार पायऱ्या आहेत : मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं. २०१६ मध्ये पाचवीतल्या २४.७ टक्के मुलांना सोपी वाक्यं वाचता आली होती. २०२२ मध्ये आकडा होता २४.५ टक्के. सहा वर्षांत गाडी जागची हललीच नाही. आठवीतही निम्म्याहून कमी, ४६.७ टक्के. ‘असर’ फक्त ग्रामीण भागात होतो, त्यामुळे उल्हासनगरसारख्या महापालिकेतली मुलं त्यात येत नाहीत. पण या पट्ट्यातल्या शिक्षकांना विचारलं तर हे आकडे त्यांना परके वाटणार नाहीत.

महाराष्ट्रात तर पहिलीपासून इंग्रजी आहे. जून २००० पासून, प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, मराठी माध्यमाच्या शाळांत हा विषय पहिलीपासून आला. त्याआधी इंग्रजीची ओळख पाचवीत व्हायची. तेव्हा बराच वाद झाला, मराठीचं काय होणार म्हणून. आज ती पहिली बॅच तिशी ओलांडून गेलीय आणि तिची पोरं शाळेत आहेत. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, २९ जूनला सरकारने जीआर मागे घेतले. तिसऱ्या भाषेवर महाराष्ट्र दोन-तीन महिने भांडला. दुसरी भाषा मुलांना वाचता येते का, हे त्या भांडणात कुणी फारसं विचारलं नाही.

मग अडतं कुठं? तर अडतं ते अक्षराच्या नावाशी.

मराठीत ‘क’ या अक्षराचं नाव क आणि आवाजही क. ‘म’ला म म्हणतात आणि तो वाजतोही म. त्यामुळे अक्षरं आली की वाचन जवळपास आलंच. इंग्रजीत तसं नाही. ‘कॅट’ची अक्षरं आहेत सी, ए, टी. ही तीन नावं कितीही भरभर म्हणा, ‘सीएटी’ होईल, ‘कॅट’ होणार नाही. नाव सी, आवाज क्. नाव डब्ल्यू, आवाज व्. नाव एच, आवाज ह्. वर्षभर एबीसीडीचं गाणं घोकलेल्या मुलाला फक्त नावं मिळालेली असतात. वाचायला लागतात ते आवाज, आणि ते त्याला कुणी दिलेलेच नसतात.

दुसरी भानगड जास्त खोल आहे. मराठी मूल अक्षर वाचतं ते अख्खं. ‘बा’ म्हणजे ब आणि आ, पण बाराखडीत तो एकच तुकडा. काना, मात्रा, वेलांटी त्या अक्षराच्याच अंगाखांद्यावर बसते. इंग्रजीत स्वर वेगळा होऊन शेजारी उभा राहतो. ‘बॅट’ मराठीत दोन अक्षरं, इंग्रजीत तीन. म्हणजे मुलाला शब्द आणखी बारीक फोडायला शिकावं लागतं. सोनाली नाग या अभ्यासक आहेत, त्यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम केलं. २००७ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की अक्षर-लिपीत शिकणाऱ्या मुलांमध्ये एकेक सुटा आवाज ओळखण्याची जाण हळूहळू येते. कन्नडचं अक्षर देवनागरीसारखंच चालतं, त्यामुळे मराठी मुलांची अडचण समजायला हे उपयोगी आहे.

यात मुलाची अक्कल कमी असण्याचा प्रश्नच नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचीही इंग्रजी वाचताना दमछाक होते. २००३ मध्ये डंडी विद्यापीठाचे फिलिप सेमोर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या १३ भाषांतल्या मुलांची तुलना केली. पहिलीच्या शेवटी फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं ओळखीचे शब्द ९५ टक्क्यांहून जास्त अचूक वाचत होती. स्कॉटलंडमधली, इंग्रजी घरात बोलणारी मुलं? ३४ टक्के. भाषा त्यांची स्वतःची होती, घोळ स्पेलिंगचा होता.

त्यात या तीन शहरांचा स्वतःचा मसाला आहे. उल्हासनगर म्हणजे आधीचा कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गावाला आजचं नाव मिळालं. अजूनही पत्ता विचारला तर लोक कॅम्प नंबर सांगतात. सिंधी दोन लिप्यांत लिहिली जाते, अरबी वळणाच्या आणि देवनागरी. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या गावांत आगरी बोलतात, बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवर कातकरी-ठाकर मुलं आहेत, आणि कारखान्यांच्या, बांधकामांच्या कामावर आलेली उत्तर भारतातली कुटुंबं घरी भोजपुरी नाही तर हिंदी बोलतात. शाळेतली मराठी हीच यातल्या अनेकांची दुसरी भाषा. म्हणजे सरकारी कागदावर ‘दुसरी भाषा’ असलेली इंग्रजी त्यांच्यासाठी तिसरी किंवा चौथी.

आणि आजूबाजूला लिहिलेलं इंग्रजी? ते ढीगभर आहे. उल्हासनगरच्या जीन्सवरची लेबलं, दुकानांचे बोर्ड, स्टेशनच्या पाट्या. पण पाट्यांतही एक गंमत आहे. ‘बदलापूर’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए दोनदा येतो. पहिला वाजतो अ, दुसरा आ. आणि ‘बॅट’ वाचताना हाच ए होतो ॲ. ‘उल्हासनगर’मधला यू वाजतो उ, तर ‘कप’मधला यू वाजतो अ. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग तर कुठे ए घालून लिहितात, कुठे ई घालून. म्हणजे गावांची नावं रोमन लिपीत असली तरी ती इंग्रजी नाहीत, त्यांचे नियम वेगळे आहेत. मोठी अक्षरं ओळखायला पाटी झकास आहे. इंग्रजी वाचनाचा पहिला धडा म्हणून ती फसवते.

मग शिक्षक काय करतात? वेळ कमी, मुलं जास्त, सगळे विषय एकाच बाईंकडे किंवा गुरुजींकडे. परिणामी एक जुना तोडगा वापरला जातो. इंग्रजी शब्दाच्या वर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहायचा. धडा संपेपर्यंत पुस्तकाची प्रत्येक ओळ डबलडेकर झालेली असते. मूल घडाघडा वाचतं, पालकसभेत टाळ्या मिळतात. फक्त ते वाचत असतं देवनागरी. डोळा इंग्रजी ओळीवर जातच नाही, कारण जायची गरजच नसते. स्टेशनच्या पाटीवर होतं ते हेच.

याचा अर्थ मराठीचा अडथळा होतो, असा कुणी काढत असेल तर थांबा. उलट आहे.

कॅनडाचे जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आलेत की पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, ती खालून जोडलेली असते. मराठी नीट वाचणाऱ्या मुलाला एक मोठी गोष्ट आधीच कळलेली असते : कागदावरची खूण म्हणजे आवाज, आणि आवाज जोडले की अर्थ. मराठीतही न वाचणाऱ्या मुलाला दोन्ही एकदम शिकायचं असतं. म्हणून दुसरीतलं कच्चं मराठी वाचन हा इंग्रजीचाही प्रश्न आहे.

शिवाय मराठीकडे दोन हत्यारं आहेत. एक, ॲ आणि ऑ. इंग्रजी शब्दांसाठी घेतलेले हे स्वर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत रीतसर बसवले. म्हणजे ‘बॅट’मधला आवाज मुलाला दाखवायला चिन्ह तयार आहे. दोन, पाय मोडणं. इंग्रजी बी म्हणजे ‘ब’ असं शिकवलं की मूल ‘ब-ॲ-ट’ म्हणतं आणि त्या मधल्या लपलेल्या अ मुळे शब्द जुळत नाही. तेच ‘ब् ॲ ट्’ असं पाय मोडून दाखवलं की जुळतं. इंग्लंडमधल्या बाईंना हे तोंडी समजवायला लागतं, मराठी बाई फळ्यावर एका रेघेत दाखवू शकतात. फक्त हे आवाज समजावण्यापुरतं. शब्दाच्या डोक्यावर अख्खा उच्चार लिहिणं वेगळं.

आता अर्थाचं बघू. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी वाचनाचा साधा हिशेब मांडला : अक्षरांतून शब्द काढता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. ‘असर’ने २०१६ मध्ये हेही तपासलं होतं. ज्यांना इंग्रजी शब्द वाचता आले, त्यातल्या साधारण ६० टक्के मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला.

हा गुणाकार खासगी इंग्रजी माध्यमाच्या फीशी थेट जोडलेला आहे. बदलापुरातून पहाटेची लोकल पकडणारे आईवडील पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी शाळेत घालतात. तिथे मूल आवाज काढायला लवकर शिकतं. पण घरात इंग्रजी नाही, शेजारी नाही, तर दुसरी बाजू शून्याजवळच राहते. पोरगं छान वाचतं, समजत काहीच नाही, आणि मराठी वाचन तर कधी शिकवलेलंच नसतं. पैसे जातात ते जातातच. सरकारनेही दुसऱ्या बाजूने प्रयत्न केलाय. २०२२-२३ पासून पहिलीच्या मराठी माध्यमाला जे एकात्मिक द्विभाषिक पुस्तक आलं, त्यात मराठीच्या शेजारी इंग्रजी शब्द दिलेत, म्हणजे अर्थ आधी, लिपी नंतर.

पण अर्थाचा सगळ्यात मोठा साठा मुलाकडे आधीपासून आहे आणि तो मैदानात आहे. बॅट, पॅड, कॅप, रन, हिट, लेग, विन. घरात पेन, कप, मग, टब, बॅग, फॅन, बेड, गॅस. हे शब्द मराठी मूल रोज बोलतं. अर्थ शिकवायची गरज नाही, आणि ‘गॅस’च्या शेवटच्या एसपर्यंत जवळपास सगळ्यांचं स्पेलिंग जसं वाजतं तसंच आहे. सफरचंदाच्या ‘ॲपल’पासून सुरुवात करायची परंपरा का आहे कुणास ठाऊक, त्याचं स्पेलिंग पहिल्याच दिवशी मुलाला गोंधळात टाकतं.

क्रमही एबीसीडीचा लागत नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘जॉली फोनिक्स’ पद्धत ४२ आवाज शिकवते, पण सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहांनी करते. कारण एवढ्यावरच पिन, टिन, नॅप, टॅप, सिट, पॅन असे डझनभर शब्द होतात आणि पोराला पहिल्या आठवड्यांतच ‘आपण वाचलं’ असं वाटतं. एबीसीडीच्या क्रमाने गेलं तर पहिल्या सहा अक्षरांत ‘बेड’, ‘कॅब’ असे थोडेच हाती लागतात. आपले शिक्षक यात पिन, टिन ठेवून पुढे बॅट, रन घालू शकतात. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे आडमुठे शब्द मात्र बघून बघूनच लक्षात ठेवावे लागतात. त्यांना नियम लावत बसू नये.

आपल्या पोराचं काय चाललंय हे घरी तपासायचं असेल तर इंग्लंडच्या सरकारी शाळांची युक्ती उचलता येते. २०१२ पासून तिथे पहिलीतल्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात, त्यातले निम्मे खोटे, ज्यांना काही अर्थच नाही. खोटा शब्द पाठ असू शकत नाही, म्हणून. एका कागदावर छोट्या अक्षरांत एम-ए-बी लिहा, खाली टी-आय-बी. मराठी काही लिहू नका. मूल ‘एम, ए, बी’ म्हणालं तर त्याला फक्त नावं येतात. ‘मॅप’ किंवा ‘मॅन’ म्हणालं तर ते पहिली दोन अक्षरं बघून अंदाज मारतंय, शेवटापर्यंत जात नाही. ‘मॅब’, ‘टिब’ म्हणालं आणि वर ‘हे काय असतं?’ असं विचारलं, तर त्याच्या हातात आता गोष्टीचं पुस्तक द्यायला हरकत नाही. पहिल्या दोन प्रकारांत मूल पाचवीत असलं तरी सुरुवात ‘स्, ॲ, ट्’पासूनच करावी लागते, आणि पुस्तकातली पेन्सिलीची मराठी ओळ खोडरबराने पुसून.